भोग तिचे, भोगवटा त्याचा

आमच्या सोसायटीत पुस्तक भिशी चालते. आधी बाराजणीच होत्या. अलीकडे आम्हा तीन पुरुषांनाही घेतलंय, कारण खुर्च्या मांडायला माणसं लागतात. दरमहा प्रत्येकाने पाचशे रुपये काढायचे, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुस्तकं आणायची, ती सगळ्यांनी वाचायची आणि पुढच्या महिन्यात चर्चा करायची. चर्चेनंतर साबुदाणा वडा. कधी कधी चर्चेआधी.

वर्षभरातली पुस्तकं परवा एकत्र मांडली, तर मला वाटलं एकाच पुस्तकाच्या प्रती आल्यात. बहुतेक मुखपृष्ठांवर तीच बाई. नऊवारी, डोक्यावर घागर, पायाखाली भेगाळलेली जमीन आणि आपल्याकडे पाठ. पाठ का, असा प्रश्न मी विचारला. एकीने सांगितलं, ती क्षितिजाकडे बघत असते. असेल. माझी शंका वेगळी आहे. चेहरा दिसला तर बाई ओळखीची निघेल, ही धास्ती असावी.

आतला मजकूरही फार लांबचा नाही. काळ आपल्या जन्माच्या आधीचा. नवरा पन्नासाव्या पानाच्या आत मरतो, परागंदा होतो किंवा पिऊ लागतो. शंभराव्या पानाला विहीर आटते. दीडशेव्या पानाला सावकार ओसरीवर येऊन बसतो आणि तपकीर ओढतो. दोनशेव्या पानाला पोर आजारी पडतं. बाई मात्र मोडत नाही. ती मोडली तर पुढच्या महिन्यात पाचशे रुपये कोण काढणार?

मग चर्चा. खंबीर, कणखर, चिवट, सोशिक, मातीत पाय रोवून उभी. हे पाच शब्द आमच्याकडे भिशीच्या डब्यातच ठेवलेले असतात, चर्चेच्या वेळी काढायचे आणि पुसून परत ठेवायचे. शेवटी कुणीतरी दुसऱ्या वड्याकडे हात नेता नेता उसासा टाकतं, “काय बायका होत्या ना त्या!”

या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘होत्या’ हा आहे.

*

हे असंच सुखाने चाललं असतं. पण आमची आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली आणि डोळ्याची पट्टी सुटल्यावर भिशीलाही आली. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मराठी सातवी झालेली. गावच्या वाचनालयातलं कपाट तिने दोनदा वाचून काढलंय, पंचांगासकट. आम्ही तिला कोपऱ्यातली गादीची खुर्ची दिली. अस्सल दुष्काळी भागातली म्हातारी भिशीला आली, म्हणून सगळ्यांना कोण आनंद. कुणी तिच्याबरोबर सेल्फी काढला. पाठमोरा नाही, एवढं नशीब.

चर्चा रंगात आली. नायिकेने एका हाताने मोट कशी हाकली आणि दुसऱ्या हाताने बाळाला झोका कसा दिला, यावर दोघींचे डोळे पाणावले. आत्या शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “जमीन कुनाच्या नावावर हुती?”

“कुणाची जमीन, आजी?”

“ह्या बाईची. जी ती खुरपती, पानी देती, राखती.”

जिने पुस्तक आणलं होतं तिने पानं चाळली. पुढची चाळली, मागची चाळली. मलपृष्ठही पाहिलं. तिथे तीन मान्यवरांचे अभिप्राय होते, गट क्रमांक नव्हता.

“अहो आजी, ते तितकं महत्त्वाचं नाहीये,” कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं. “तिची जिद्द बघा ना!”

“जिद्द बघितली,” आत्या म्हणाली. “सातबारा बघायचा ऱ्हायला.”

त्या दिवशी वडे उरले.

*

शहरातल्या वाचकांसाठी थोडी उजळणी. सातबारा हा एक उतारा असला तरी त्यात दोन नमुने आहेत. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक काय. आता नांगरट सोडली तर पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी, राखण यातलं किती काम बाईच्या अंगावर असतं, ते कुठल्याही बांधावर उभं राहून मोजा. म्हणजे बारा तिचा. आणि सातवर नाव त्याचं. तिचे बारा वाजतात त्यात नवल काय?

सातमध्ये ज्याचं नाव असतं त्याला सरकारी भाषेत ‘भोगवटादार’ म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला त्याला साष्टांग नमस्कार. मराठीत भोग दोन प्रकारचे. एक घ्यायचे आणि एक भोगायचे. कादंबरीत भोग तिच्या वाट्याला येतात, उताऱ्यावर भोगवटा त्याच्या. त्याच उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज वगैरे मंडळी तिथे राहतात. विधवांची आणि लेकींची नावं वर्षानुवर्षं याच रकान्यात घुसवली गेली. कर्जाच्या शेजारी. बोजाबरोबर बोजा.

देशाच्या २०१५-१६च्या कृषिगणनेत बायकांच्या नावाने चालणारी वहितीखाती साधारण १४ टक्के निघाली. शेतातल्या कामात बायका किती आणि खात्यावर किती, हे ज्याचं त्याने पडताळावं. वर पुन्हा आपण जमिनीला काळी आई म्हणतो. साहित्य संमेलनात तर गळा दाटल्याशिवाय म्हणत नाही. जमिनीला आई म्हणायला कुणाची ना नाही. आईला जमीन म्हटलं की मात्र भावकी गोळा होते.

*

आत्या परत गेली. प्रश्न मागे ठेवून गेली. आता कुठलीही कादंबरी हातात घेतली की माझं लक्ष पाणंद, बांध आणि फेरफाराकडे जातं. वाचनाचं पार वाटोळं झालंय.

पर्ल बक यांची ‘द गुड अर्थ’ घ्या. १९३१ची. चिनी शेतकरी वांग लुंग आणि त्याची बायको ओ-लान. कष्टकरी खेडूत बाईच्या कादंबऱ्यांची ही थोरली आजीच म्हणायची. बाई खोलीत एकटी बाळंत होते आणि पुन्हा शेतात कामाला उभी राहते. वाचक गहिवरतो. मीही विशीत गहिवरलो होतो. आता आत्याच्या चष्म्यातून पुन्हा वाचली. दुष्काळात कुटुंब दक्षिणेकडच्या शहरात जातं, भीक मागतं. तिथल्या एका श्रीमंताच्या वाड्यात लूट होते तेव्हा ओ-लानला भिंतीतल्या सैल विटेमागे जडजवाहिराची पुरचुंडी सापडते. त्या पुरचुंडीतून पुढे जमीन घेतली जाते. जमीन कुणाची? वांग लुंगची. तिने काय मागितलं? दोन मोती, जवळ ठेवायला. बास. आणि पुढे दुसऱ्या बाईच्या नादी लागल्यावर नवऱ्याने तेही दोन मोती तिच्याकडून काढून घेतले. या पुस्तकाच्या नावातली ‘उत्तम जमीन’ जिच्या जिवावर उभी राहिली, तिच्या नावावर दोन मोतीसुद्धा राहिले नाहीत. आम्ही मात्र तिची जिद्द अधोरेखित करून ठेवलीय, पेन्सिलने.

‘मदर इंडिया’, १९५७. राधाने बैलाच्या जागी खांदा लावून नांगर ओढला, हे भारतातल्या कुठल्याही कॅलेंडरवाल्याला विचारा. सिनेमा सुरू होतो तोच गावकरी म्हाताऱ्या राधाला कालव्याचं पाणी सोडायला घेऊन येतात. बायकांना उद्घाटनाला बोलावण्याची आपली परंपरा जुनी आहे. पण त्या कालव्याचं पाणी पुढे कुणाकुणाच्या नावावरच्या शेतात शिरलं? तेवढ्यात कथा भूतकाळात जाते. सोय असते ती.

आपल्याकडे या. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘रथचक्र’ला १९६३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोरांना शिकवण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या कोकणातल्या एका बाईची गोष्ट. या नायिकेला पेंडशांनी नावच दिलं नाही. ती फक्त ‘ती’. समीक्षकांनी त्यात स्त्रीत्वाचं प्रातिनिधिक रूप वगैरे पाहिलं, आणि ते खोटं नाही. पण मला आता वाटतं, लेखक तलाठ्यापेक्षा प्रामाणिक निघाला. जिचं नाव कुठल्याच कागदावर लागणार नाही, तिला नाव देऊन उगाच आशा कशाला लावा?

आणि उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६०. वऱ्हाडी बोलीतली कौतिक. नवरा शिंपी, त्याचं कामधंद्यात मन नाही, आणि ही बाई संसार ओढते. इथे आत्याचा प्रश्न लागूच होत नाही, कारण नावावर करायला काही नाहीच. दुसऱ्याच्या शेतात मजुरी. मला वाटतं, म्हणूनच ती कादंबरी भिशीत फारशी निघत नाही. कौतिक वाचून उभारी येत नाही, चटका बसतो. भिशीला उभारी लागते. चटक्यासाठी वड्याबरोबर ठेचा असतोच.

*

अशा कादंबऱ्या आपल्याला का आवडतात, याची उत्तरं मी भिशीत गोळा केली. प्रेरणा मिळते. आपली दुःखं लहान वाटू लागतात. मुळांशी जोडलं गेल्यासारखं वाटतं. ही सगळी खरी असतील. पण एक उत्तर कुणी दिलं नाही, ते मी देतो. या कादंबऱ्यांमध्ये गुन्हेगार पकडायची गरज पडत नाही. सासू खाष्ट होती, पाटील माजलेला होता, पावसाने दगा दिला. शेवटी सगळ्यांवर मिळून एकच पांघरूण घालायचं, ‘तो काळच तसा होता’. काळावर फिर्याद करता येत नाही. त्याला समन्स लागू होत नाही. त्याला वारस नसतात. निदान आपण वारस आहोत, असं आपण कबूल करत नाही.

गोची होते ती बाईने स्वतःच लिहिलं की. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं ते आपल्या किराणा दुकानात बसून, पुड्या बांधायच्या रद्दी कागदांवर, आणि ते कागद घरच्यांपासून लपवून ठेवले. एक ना दोन, जवळपास वीस वर्षं. मॅक्सीन बर्नसन या संशोधक बाई फलटणला होत्या, त्यांच्यामुळे ते उजेडात आलं, ‘स्त्री’ मासिकात छापून आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. त्यात महारवाड्यातल्या बायकांचे कष्ट, भूक, बाळंतपणं सगळं आहे. चिवटपणा तर ओसंडून वाहतो. भिशीला हवं ते सगळं. पण त्यात गावही आहे. गावाची विहीर आहे. बाईला बाजूला सरायला लावणारा रस्ता आहे. वाचताना मध्येच शंका येते, तो रस्ता आपल्या आज्याचा तर नव्हे? आणि घरातल्या पुरुषांनाही बेबीताई सोडत नाहीत. अशा पुस्तकाला ‘तो काळच तसा होता’ पुरत नाही. म्हणून आपण काय करतो? त्याला ‘दलित साहित्य’ म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतो, आणि पाठमोऱ्या बाईला ‘ऐतिहासिक कादंबरी’ म्हणून पहिल्या कपाटात.

दुसरी पद्धत अधिक गोड आहे. बाई जाईपर्यंत थांबायचं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात, चुलीपाशी ओव्या रचत राहिल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं. पोराने आणि नातलगाने टिपून ठेवलेल्या ओळी वह्यांत पडून राहिल्या. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या, आणि १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ आली. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. आता त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे. त्यांना नाव मिळालं, आणि तेही केवढं मोठं. फक्त हाक मारायला उशीर झाला.

*

तुम्ही म्हणाल, तो काळ गेला. ठीक आहे. मग नायिका कुठल्या सालाची चालते ते तरी ठरवू. हल्ली १९७२ फार चालतं. पन्नास वर्षं उलटली, आता ते सालही इतिहासात जमा झालं. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका, उन्हात गोधडीच्या सावलीत निजवलेली पोरं. भिशीत या एका सालावरच्या कादंबऱ्या आम्ही दोनदा रडून वाचल्या.

त्या खडीची पुढची गोष्ट मात्र कुणी कादंबरीत घेत नाही. दुष्काळात काढलेल्या कामांमधूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना. पुढे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. त्या कामांवर मोठी संख्या बायकांची होती. आणि पैसा कुठून आला? बराचसा शहरातल्या पगारदारांकडून. त्यासाठीच १९७५ साली व्यवसाय कर आला. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘पी. टी.’ म्हणून महिना २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. तो हाच. आमच्या भिशीतल्या एका संगणक अभियंत्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “अरेच्चा, मला वाटायचं ही निव्वळ लूट आहे.” हाच गृहस्थ मागच्या महिन्यात खडी फोडणाऱ्या नायिकेसाठी रुमाल शोधत होता. नायिकेसाठी डोळ्यांतून पाणी काढणं सोपं, पगारातून २०० रुपये कठीण.

आणि आजची नायिका? तीही आहे, पण तिची कुणी चिठ्ठी टाकत नाही. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ट्रकच्या ट्रक भरून निघतात. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोन माणसं, कोयता एक. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, फेडायला दोघं. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पाळीच्या दिवसांत बसून राहिलं तर खाडा, खाड्याला दंड. मग त्यावर उपाय निघाला पिशवी काढून टाकण्याचा. २०१९ साली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं.

ही बाई खंबीर आहे का? आहे. कणखर, चिवट, सोशिक? डब्यातले पाचही शब्द तिला लागू पडतात. तरी तिच्याकडे बघून ‘काय बायका आहेत ना या!’ असं कुणाच्या तोंडून निघत नाही. कारण ‘आहेत’ म्हटलं की पुढचं वाक्य आपल्यावर येतं. आपल्या चहातली साखर आडवी येते.

*

असं नाही की सातबाऱ्यावरच्या नावाचं कुणी काही केलंच नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेने बायकांचं अधिवेशन भरवलं. पुढे संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, उपकार म्हणून नाही, देणं फेडायचं म्हणून. गावोगावच्या पुरुषांनी तलाठ्याकडे जाऊन असे अर्ज दिले. सरकारलाही त्याच नावाची योजना काढावी लागली. विचार करा, काय प्रसंग आहे! मिशीवाला पाटील, हातात अर्ज, चावडीवर शांतता, तलाठी चष्मा पुसतोय. यावर मी तरी अजून एकही कादंबरी वाचलेली नाही. बाईला जमीन मिळाली तर ती चिवट राहणार नाही, असं लेखकांना वाटत असावं. प्रकाशकांना तर खात्रीच असेल.

मग कायदे आले. महाराष्ट्राने १९९४ साली लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, केंद्राने २००५ साली. आणि कायदा आला की त्याच्या मागोमाग पळवाट येते. तिचं नाव हक्कसोडपत्र. बहिणीने दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही करायची की मला काही नको. सही केली नाहीस तर माहेर तुटेल, असं कुणी म्हणत नाही. म्हणावं लागत नाही. सही झाली की साडी मिळते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर उभे राहा. एक भाऊ, एक बहीण, एक वकील, आणि साडीच्या दुकानाची एक पिशवी. आपल्या समाजजीवनाचं इतकं आटोपशीर चित्र दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

*

आता माझं. इतका वेळ दुसऱ्यांची उणीदुणी काढली, तर स्वतःचाही उतारा काढायला हवा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराण्याचं कुलसंमेलन झालं. स्मरणिकेत आजीवर लिहायचं काम माझ्याकडे आलं, सदरलेखक म्हणून. आजोबा गेले तेव्हा आत्या सहा वर्षांची, माझे वडील दोन वर्षांचे. आजीने अकरा एकर कोरडवाहू एकटीने सांभाळली, वडिलांना पुण्यात शिकवलं. मी झोकात लिहिलं, ‘दुष्काळाला पुरून उरलेली माउली’. त्यात एक वाक्य होतं: १९७२ साली आजी कोसभरावरून पाणी आणायची, पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू कधी मावळलं नाही.

आत्याला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“हासत कवा हुती ती?” आत्या म्हणाली. “पानी वाहून वाहून अंग बाहेर आलं हुतं तिचं. फडकं बांधून चालायची. दवाखान्याला पैसं न्हवतं. तुझ्या बापाची खानावळ भरायची हुती.”

मी ते वाक्य बदललं. स्मरणिका समितीने ते काढलं. मंगल प्रसंगी अंग बाहेर आल्याचा उल्लेख नको, असं ठरलं. हसू परत आलं, फोटोसकट. फोटोत आजी हसत नाही, पण फोटो लहान छापलाय.

त्याच सुमाराला जुने फेरफार काढले होते. आजोबांनंतरच्या नोंदीत वडिलांचं नाव आहे. दोन वर्षांचे भोगवटादार. त्याखाली आजीचं नाव, आणि त्यापुढे तीन अक्षरं: अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे सज्ञान न झालेले माझे वडील. पालन म्हणजे अकरा एकर, मोट, खुरपणी, खडी आणि खानावळ. आणि कर्ता, पुल्लिंगी, म्हणजे माझी आजी. पुढच्या नोंदीत वडील सज्ञान झाले आणि आजी उताऱ्यावरून उतरली. म्हणजे ’७२च्या उन्हाळ्यात जमिनीचा मालक पुण्यात कॉलेजला होता आणि मालकाची आई खडी फोडत होती. एवढीच तिची कागदोपत्री कादंबरी. दोन फेरफार.

२००६ साली ती जमीन आम्ही विकली. खरेदीदाराचा वकील हुशार निघाला. कायदा नुकताच बदलला होता, तो म्हणाला बहिणीची सही आणा. आत्या एसटीने आली. सही केली. आई तिला दुकानात घेऊन गेली आणि पैठणी घेतली. आलेल्या पैशात मी पुण्यातल्या या फ्लॅटचा पहिला हप्ता भरला. या फ्लॅटच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा पुस्तक भिशी भरते.

पैठणीचं पुढे काय झालं, ते मला यंदा कळलं. ऑपरेशनसाठी आली तेव्हा आत्यानेच सांगितलं, हसत हसत. “घरी गेल्यावर पदर उलटा करून बघितला. मागनं सगळं दोरं लोंबत हुतं. सेमी हुती.” खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, हे माहीत नसलेल्यांसाठी सांगितलं.

*

हा लेख लिहून झाला तसा आत्याला फोन लावला. सगळा वाचून दाखवला, उलट्या पदरासकट. तिला आवडला. “आईचं खरं लिवलंस,” म्हणाली. मला भरून आलं. भिशीतली सगळी विशेषणं घशाशी आली.

“कुठं छापनार?”

“माझ्या सदरात, आत्या. रविवारी.”

“पैसं देत्यात?”

“देतात थोडे.”

“आनि नाव कुनाचं लागनार?”

मी काही बोललो नाही. लेखाच्या वर, डाव्या बाजूला, माझ्या फोटोशेजारी माझं नाव असतं. आजी तिची, आठवण तिची, प्रश्न तिचा, पदरही तिचा. मी आपला अज्ञान पालन कर्ता. त्यातलं अज्ञान तेवढं खरं.

मानधन आलं की आत्याला एक साडी घ्यायचं ठरवलंय. पैठणीच. या खेपेला दुकानातच पदर उलटा करून बघणार आहे.